डाव्या हाताने वाढलेला भात

गेल्या महिन्यात मनगट फारच दुखायला लागलं म्हणून मानसी, माझी सून, मला डॉक्टरकडे घेऊन गेली. इथे अमेरिकेत, शॉमबर्गात, आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर दवाखाना आहे. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि मानसीला विचारलं, या काय काम करत होत्या? मानसीने सांगितलं, स्वयंपाक. आधी पुण्यात, मग आठ वर्षं आफ्रिकेत, घानामध्ये, एका कारखान्याच्या गेस्ट हाउसवर. डॉक्टरबाईंनी मान वर केली. आफ्रिकेत? कसं होतं तिथलं आयुष्य? मानसीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "शी लव्ड इट," म्हणाली.

तेवढं इंग्रजी मला कळतं. माझ्या वतीने दुसऱ्याने बोलायचं याची मला सवय आहे, आणि बहुतेक वेळा ते मला बरंही वाटतं.

परत येताना गाडीत मानसी म्हणाली, "आई, मंडळाच्या दिवाळी अंकात घानाबद्दल लिहा ना तुम्ही. सगळे तेच ते लिहितात, व्हिसा आणि ले-ऑफ. तुमचं किती डिफरंट होईल." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चौथी शिकलेल्या बाईने अंकात काय लिहायचं, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की जे लिहायला हवं ते मंडळातल्या लोकांनी चहा पिताना वाचावं असं नाही. म्हणून ही वही आणली. ती कपाटात माझ्या साड्यांखाली राहील.

मेसचा स्वयंपाक म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे. घरी चार माणसांचं करताना अंदाज चुकला तर आपण उपाशी राहतो आणि भागतं. गेस्ट हाउसच्या मेसमध्ये कारखान्यातली आपल्याकडची चौदा माणसं तीन पाळ्यांत जेवायला येतात, आणि शेवटच्या पाळीचा माणूस सगळ्यात दमलेला असतो. त्याला भांड्याचा तळ दिसला तर तो भाजीला नाव ठेवत नाही, तुमच्या खानदानाला ठेवतो. त्यामुळे आधी माणसं पाठ करायची. कुणाला वांग्याने अंग खाजतं, कुणाचा उपास कधी, कुणाच्या घरून वाईट फोन आला आहे आणि तो आज जेवणार नाही. दिवसाला दीडशे पोळ्या. कणीक मळायचं यंत्र मागवतो मागवतो म्हणत आठ वर्षं गेली. मनगटाचं कारण डॉक्टरबाईंना हेच सांगायला हवं होतं.

गाव तेमा. समुद्रकाठी, मोठं बंदर. कारखान्याच्या साहेबांच्या बाईंनी मला पुण्याहून नेलं तेव्हा माझा मुलगा बारावीला होता आणि मी सेहेचाळीस वर्षांची. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आफ्रिका म्हटल्यावर शेजारणींनी सिंह आणि जंगल सांगितलं होतं. मला पहिल्या दिवशी दिसल्या त्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रका, आणि रस्त्याच्या कडेला डोक्यावर परात घेऊन चालणाऱ्या बायका. परातीत उकडलेली अंडी, टोमॅटो, एकीच्या डोक्यावर शिवणयंत्र. मान जराही हलत नव्हती. मी डोक्यावर हंडे वाहिले आहेत, त्यामुळे मला आश्चर्य त्या ओझ्याचं वाटलं नाही. त्या गप्पा मारत होत्या त्याचं वाटलं.

एफुआ मला पहिल्याच आठवड्यात भेटली. गेस्ट हाउसवर मदतनीस म्हणून ती माझ्या आधीपासून होती. भाजी चिरणं, भांडी, पाणी भरणं आणि बाजार. माझ्यापेक्षा वीतभर उंच, वयाने चार-पाच वर्षांनी लहान. शिक्षणाने माझ्यापुढे होती. मासळी बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद ती आधी वाचायची आणि मग टाकायची. तिची मुलगी ग्रेस शाळेत होती. "हिला मी नर्स करणार," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची.

बाजार मला तिने शिकवला. पहिल्या दिवशी मी टोमॅटोच्या ढिगापुढे उभी राहिले आणि बोट दाखवलं. विकणाऱ्या बाईने तोंड फिरवलं. मी पुन्हा बोट दाखवलं. ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. एफुआने मला मागे ओढलं.

"तू गुड मॉर्निंग म्हणाली नाहीस."

"मला टोमॅटो पाहिजेत."

"ते तिला दिसतंय. पण तू काय पोलीस आहेस? पोलीससुद्धा आधी गुड मॉर्निंग म्हणतात."

त्या देशात आधी नमस्कार, मग काम. घरचे कसे आहेत, झोप झाली का, हे झाल्याशिवाय टोमॅटोही मिळत नाहीत. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला हे सुरुवातीला फार जड गेलं. पण एकदा चार वाक्यं पाठ झाल्यावर सोपं वाटायला लागलं. काय बोलावं हा प्रश्नच उरत नव्हता, ते ठरलेलंच होतं. मग त्याच बाई मला ढिगावर वरून दोन टोमॅटो घालून द्यायला लागल्या, आपल्याकडे मंडईत वर टाकतात तसे.

तिथे माणसाला वाराचं नाव असतं. एफुआ म्हणजे शुक्रवारी जन्मलेली. गेटवरचा म्हातारा वॉचमन कोफी, तोही शुक्रवारचाच. माझा वार मला ठाऊक नव्हता. आई एवढंच सांगायची की तू बाजारच्या दिवशी झालीस. आमच्या गावचा बाजार सोमवारी. तेव्हा मी अजोआ झाले. आठ वर्षं त्या गल्लीत मला सिस्टर अजोआ म्हणत.

एका पानावर आठ वर्षं बसत नाहीत, म्हणून आठवेल तसं लिहिते. डिसेंबरात वाळवंटाकडून वारा यायचा. घरभर बारीक धूळ, टाचांना भेगा, ओठ फुटायचे, पण पापड अर्ध्या दिवसात कडकडीत वाळायचे. वीज केव्हाही जायची, आणि आली की सगळ्या गल्लीतून एकदम ओरडा व्हायचा. शनिवारी रस्त्यात मांडव, खुर्च्या, मोठ्याने गाणी, काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं. मी एफुआला म्हटलं, लग्न कुणाचं आहे? ती म्हणाली, मयत आहे. अळूसारखं पान मिळायचं, त्याला कोंतोमिरे म्हणतात. मी त्याचं दाणे घालून फदफदं केलं. एफुआने चाखलं आणि म्हणाली, "छान आहे. पण मासे घालायला विसरलीस."

ज्वारीही मिळायची, तांबडी. तिची भाकरी तांबडी व्हायची. मेसमध्ये मोहिते म्हणून एक वयस्कर फिटर होते, साताऱ्याकडचे. त्यांना भाकरीशिवाय जेवण जात नसे. पहिली भाकरी ताटात पडल्यावर ते बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

"काकू, ही भाकरी आहे का वीट?"

"खाऊन बघा."

"दात गेला तर कंपनी भरून देईल का?"

चार खाल्ल्या. पुढे सहा वर्षं रोज तेच बोलायचे आणि रोज चार खायचे.

आता त्या बारशाचं लिहिते.

मला तिथे जाऊन तीन वर्षं झाली होती. एफुआच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. तिथे आठव्या दिवशी पहाटे बाळाला घराबाहेर आणतात आणि नाव ठेवतात. जिभेवर पाण्याचा थेंब लावतात, मग दारूचा, आणि सांगतात की पाणी असेल तर पाणी म्हण आणि दारू असेल तर दारू म्हण. एफुआने मला बोलावलं. गेस्ट हाउसमधून मला एकटीलाच. मी हिरवी साडी नेसून आणि बाळाला चांदीचे वाळे घेऊन गेले. तिचं घर आशायमानला, तेमाच्या शेजारीच. एका अंगणाभोवती सहा खोल्या, सगळं त्यांचंच गोत.

अंगणात सर्वांत मानाच्या खुर्चीवर तिचा मामा बसला होता. आपल्याकडे मामाचा मान लग्नात असतो, त्यांच्याकडे तो रोजचाच. घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द मामाचा. पांढरं वस्त्र एका खांद्यावरून घेतलेलं, केस पांढरे, बोलणं अगदी कमी. मला त्याच्या शेजारी बसवलं. हा माझा मान होता, हे मला कळत होतं.

भात, तळलेले मासे आणि तिखट असं जेवण होतं. आम्ही हातानेच जेवत होतो. मामाच्या ताटातला भात संपला. भाताचं पातेलं माझ्यापाशी होतं. मी आयुष्यभर वाढत आले आहे. रिकामं ताट दिसलं की माझा हात विचारत नाही, आपोआप पुढे जातो. उजवा हात जेवणाने बरबटलेला, उष्टा. उष्ट्या हाताने वाढायचं नाही, पातेल्याला लावायचा नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवतही नाही इतक्या लहानपणापासून माहीत. म्हणून मी डाव्या हाताने पळी धरली आणि मामाच्या ताटात भात वाढला.

मामाने हात ताटातून काढून घेतला. एका बाईने ते ताट त्याच्यापुढून उचललं आणि आत नेलं. थोड्या वेळाने एफुआ आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "सिस्टर, आता तू घरी जा," म्हणाली. "टॅक्सी बोलावली आहे."

दुसऱ्या दिवशी एफुआ कामाला आली नाही. तिसऱ्याही दिवशी आली नाही.

चौदा माणसांचं मी एकटीने केलं. भाजी चिरून होईपर्यंत पोळ्या राहायच्या, पोळ्या होईपर्यंत भांडी साठायची. तिसऱ्या दिवशी मोहिते म्हणाले, "काकू, आमटीत मीठ दोनदा पडलंय. तुमचं लक्ष कुठे आहे?" साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं की सोमवारी सकाळी ती आली नाही तर दुसरी बाई ठेवू. ते रागाने बोलले नाहीत, सरळ हिशोबाचं बोलले. त्या गावात पगाराची नोकरी सहज मिळत नव्हती. ग्रेसची शाळा त्या पगारावर होती. आणि मी नक्की काय केलं होतं हेही मला कळलेलं नव्हतं.

मी गेटवर कोफीकडे गेले. तो रेडिओ ऐकत होता. मी उभी राहिले तशी त्याने रेडिओ बंद केला.

"कोफी, एफुआ का येत नाही?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. खोटं बोलते का ते बघत असावा. मग म्हणाला, "तुम्ही घरच्या मोठ्या माणसाला डाव्या हाताने जेवण वाढलंत. त्याच्या घरात, त्याच्या माणसांसमोर. डाव्या हाताने आम्ही काय काय करतो ते तुम्हाला सांगायला नको."

"पण माझा उजवा हात उष्टा होता."

"काय होता?"

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. उष्ट्याला इंग्रजी शब्दच मला ठाऊक नव्हता. हात दाखवला, तोंड दाखवलं. तो म्हणाला, "हे मला सांगून उपयोग नाही. हे तिथे जाऊन सांगावं लागेल."

"मला बोलता येत नाही, कोफी."

"तुम्ही कुठे बोलायचं आहे? तिथे ज्याचं काम असतं तो बोलत नाही. त्याच्या वतीने दुसरा बोलतो. आमचा मोठा राजासुद्धा हळूच सांगतो आणि त्याचा माणूस मोठ्याने सांगतो. तुमच्या वतीने मी बोलेन. तुम्ही फक्त खरं सांगा. आणि बाटली लागेल."

"कसली बाटली?"

श्नॅप्स नावाची परदेशी दारू असते. माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, ती घेऊन जातात. मी जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. म्हणून मोहित्यांना सांगितलं. ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

"आमच्या खोलीत बाटली सापडली की साहेबांना सांगणाऱ्या काकू. आणि आता आम्हालाच आणायला लावता?"

"आणता का नाही?"

"आणतो की. पण चांगली आहे का ते बघावं लागेल थोडी चाखून."

"सीलबंद लागते."

"मग काय मजा," म्हणाले आणि घेऊन आले. पैसे घेतले नाहीत.

रविवारी दुपारी मी आणि कोफी आशायमानला गेलो. कोफीने गणवेश काढून छापाचं वस्त्र पांघरलं होतं. गेटवर खुर्चीत पेंगणारा तो म्हातारा मला ओळखू आला नाही, इतका ताठ चालत होता. अंगणात मामा, तिघे-चौघे पुरुष, एक खूप म्हातारी आजी, आणि खोलीच्या दारात एफुआ. आम्हाला बसायला दिलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, काय कामाने आलात? काय कामाने आलो हे सगळ्यांना माहीत होतं. तरी विचारायचं असतं.

मी हळू आवाजात कोफीला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की चुकले, माफी मागते. तो उभा राहिला आणि पाच मिनिटं बोलला. मला एक शब्द कळला नाही, पण माणसं माना हलवत होती. मी चार शब्द दिले होते. त्याने त्यांचं काय काय केलं देव जाणे.

मग मामाने विचारलं, डाव्या हाताने का वाढलं? कोफीने मला विचारलं. मी उजवा हात वर केला, तोंडाला लावला, आणि म्हटलं, हा हात माझ्या तोंडात गेला होता. त्याला माझी थुंकी लागली होती. त्या हाताने मी तुम्हाला वाढलं असतं तर माझ्या देशात तो अपमान झाला असता. माझ्या घरी मोठ्या माणसाला उष्ट्या हाताने वाढलं तर आई मला मारायची. म्हणून मी स्वच्छ हात वापरला.

कोफीने सांगितलं. मामाने विचारलं, तुमच्या देशात जेवताना सगळे डाव्या हाताने वाढतात? मी हो म्हटलं. त्या आजीबाई काहीतरी पुटपुटल्या आणि सगळे हसले. कोफी माझ्याकडे वाकून म्हणाला, "ती म्हणते, म्हणजे तो सगळा देश रोज दोन वेळा एकमेकांचा अपमान करतो आणि तरी जेवतो."

मामाही हसला. पुरुष उठून बाजूला गेले, बोलले, परत आले. बाटली उघडली, थोडी पूर्वजांसाठी जमिनीवर ओतली, थोडी प्याले. मामाने माझ्याकडे पाहून उजवा हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, संपलं.

तेव्हा दारातून एफुआ बोलली. ती मला थेट काही म्हणाली नाही. कोफीला म्हणाली, आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "डाव्या हाताचं मी ऐकलं. आता तिला कपाचं विचार."

आतापर्यंत मी कपाचं लिहिलं नाही. बाजाराचं लिहिलं, भाकरीचं लिहिलं, पण हे नाही. आता लिहिते.

गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघराबाहेर, मागच्या नळापाशी भिंतीत एक खिळा होता. त्यावर दोन कप टांगलेले असायचे, एक एफुआचा, एक कोफीचा. त्यांना चहा-पाणी त्या कपातून. ते कप आतल्या फळीवर यायचे नाहीत, आतल्या भांड्यांबरोबर धुतले जायचे नाहीत. मी आले त्या आठवड्यात मेसमधले दोघे-तिघे म्हणाले होते, काकू, यांची भांडी तेवढी वेगळी ठेवा. साहेबांनी कधीच काही सांगितलं नव्हतं, त्यांचं लक्षही नसायचं. आणि त्या दोघा-तिघांना मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी फार काही केलं नसतं. पण मला नाही म्हणावंसं वाटलं नाही. मला ते बरोबरच वाटलं. मी कोफीकडून हातोडी मागून आणली. खिळा तिरका जायला लागला, तेव्हा तोच आला आणि त्यानेच सरळ ठोकून दिला. कशासाठी ते विचारलं नाही. संध्याकाळी मी त्याचाच कप त्यावर टांगला.

पुण्यात ज्या घरांत मी पोळ्या लाटायला जायचे तिथे माझाही कप वेगळा होता. एका घरी खिडकीत, एका घरी मोरीच्या कट्ट्यावर. मी लाटलेल्या पोळ्या चालायच्या, मी तोंड लावलेला कप चालायचा नाही. ते मला कसं लागायचं ते मला ठाऊक होतं. तरी मी खिळा ठोकला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणाच्या तरी वर असल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, एवढंच सुचतं.

तर एफुआने विचारलं. अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते. कोफीने नियमाप्रमाणे तोच प्रश्न मला पुन्हा विचारला, जसा काही मी ऐकलाच नव्हता. "एफुआ विचारते, गेस्ट हाउसमध्ये तिचा कप बाहेर का असतो. तोही तुमच्या देशातला मान आहे का?"

मी म्हटलं, "ऑफिसचा नियम आहे."

कोफी माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे म्हातारपणाने कडेला निळसर झाले होते. मग तो एफुआकडे वळला आणि शांतपणे बोलला. या वेळी इंग्रजीत बोलला, म्हणून मला कळलं. "ती म्हणते, त्या घरात एक नियम आहे. ती त्या घराची मालकीण नाही. तुझ्या-माझ्यासारखीच तिथे कामाला आहे."

माझं खोटं त्याने माझ्यापेक्षा नीट बसवून सांगितलं. एफुआने खाली पाहिलं आणि म्हणाली, "उद्या येते."

सोमवारी ती वेळेवर आली. साहेबांना दुसरी बाई ठेवावी लागली नाही. त्याआधी पहाटे मी पकडीने खिळा उपटून काढला होता आणि दोन्ही कप आत फळीवर, सगळ्यांच्या कपांत ठेवले होते. मोहित्यांनी ते दुपारी पाहिले.

"काकू, हे कुणाचे?"

"सगळ्यांचे."

दुसऱ्या दिवसापासून मोहिते स्वतःचं नाव घातलेला स्टीलचा पेला खोलीतून आणायचे आणि परत न्यायचे. माणूस वाईट नव्हता. बाटली त्यांनीच आणून दिली होती.

एफुआने फळी पाहिली, भिंतीतलं भोक पाहिलं, आणि कांदे चिरायला बसली. त्यानंतर पाच वर्षं आम्ही एकत्र काम केलं. मला मलेरिया झाला तेव्हा तिने चार दिवस माझं सगळं केलं, माझे केस विंचरले. ग्रेस नर्सिंगला गेली त्या दिवशी आम्ही दोघी रडलो. पण त्या स्वयंपाकघरात ती पुन्हा कधी पाणी प्यायली नाही. फिल्टर तिच्या हाताशी होता. मी पेला भरून पुढे ठेवला की ती म्हणायची, "नंतर." तहान लागली की गेटबाहेर जायची, प्लास्टिकच्या पिशवीतलं विकतचं पाणी घ्यायची, दातांनी कोपरा फोडून उभ्या उभ्या प्यायची आणि परत यायची. मी खिडकीतून बघत असे.

आता इथे येऊन मला नऊ वर्षं झाली. मुलाचं घर मोठं आहे, हिवाळा मोठा आहे, करायला फारसं काही नाही. दर रविवारी चर्चहून आल्यावर एफुआचा आवाजी मेसेज येतो. ते कसं करायचं ते नात रियाने शिकवलं. "आजी, जस्ट होल्ड इट अँड टॉक." कोफी दोन वर्षांपूर्वी वारला, तेही तिने असंच सांगितलं.

ही वही लिहीत खिळ्यापर्यंत आले आणि आठ दिवस पुढे लिहिलं नाही. मग एका सकाळी घरात कुणी नसताना फोन हातात धरला आणि बोलले. माझ्या वतीने बोलायला कुणी नव्हतं. इंग्रजी होतं तेवढंच. एफुआ, तो खिळा ऑफिसचा नव्हता. माझा होता. मी खोटं बोलले होते. एवढं बोलायला मला चार वेळा पुन्हा सुरुवात करावी लागली.

दोन दिवस काही आलं नाही. काल आलं. मागे कोंबडं आरवत होतं आणि कुणीतरी उखळात कांडत होतं. ती जे बोलली ते मराठीत लिहिते.

"सिस्टर अजोआ, गुड मॉर्निंग. तुझं मनगट कसं आहे? घरची माणसं कशी आहेत? खिळ्याचं मला माहीत होतं. ज्या दिवशी कोफीने तो ठोकला त्याच दिवशी त्याने मला सांगितलं. त्या रविवारी मी तुला मामासमोर विचारलं, ते तुला खाली बघायला लावायला नाही. मामासमोर खरं सांगितलं की ते तिथेच मिटतं, पुन्हा कुणी काढत नाही, म्हणून विचारलं. तू ऑफिस म्हणालीस. कोफी मला नंतर म्हणाला, ती घाबरली. मी म्हटलं, मलाही दिसलं. मी सोमवारी आले ती ग्रेससाठी आले, तुझ्या बाटलीसाठी नाही. तूही आमच्या देशात तुझ्या मुलासाठीच आली होतीस, म्हणून मी राग धरला नाही. पण सिस्टर, त्या स्वयंपाकघरात फार उकडायचं. मला तहान रोज लागायची."